मस्कतला स्वस्त पडणारी गाडी

हिंगोली, मंगळवार संध्याकाळ

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. गाडीच्या शोरूममध्ये चहा बिनसाखरेचा दिला. किंमत ऐकून तो आणखीच कडू लागला. मस्कतचा भाचा फोनवर हसतो, "मामा, हीच गाडी इथं स्वस्त हाय. टॅक्सच कमी!" म्हणजे गाडी बनणार आपल्याकडं, समुद्र ओलांडणार, आणि तरी तिकडं स्वस्त? इथं आधी जीएसटी, वर रोड टॅक्स. कोणत्या रोडचा? नांदेडच्या वाटेवरच्या डोंगरकडा गावातल्या खड्ड्यांचा?

आणि गाडी म्हणे चैन! आमच्या हिचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत. शेजारचे कांबळे दर महिन्याला तिला त्यांच्या गाडीतून नांदेडला दवाखान्यात नेतात. पेट्रोलचं विचारलं की चिडतात, "वहिनी काय परक्या हायत का?"

निदान चहात साखर तरी घालायची.

कांबळे जेवायला बसलेले पाहून आत्ताच त्यांची गाडी गुपचूप धुऊन आलो.