माथ्यावरचा तेरडा

२९ ऑगस्ट १९९८, शनिवार

एव्हरशाईन सिटीत राहायला येऊन पंधरा दिवस झाले, पण वसई खरी भेटली ती आज. माझी बायको स्वप्ना पाहुण्यांत अडकलेली, म्हणून मी आणि आमची सहा वर्षांची सुरुची, दोघंच कामण गावामागचा डोंगर चढलो. वाटेभर रानहळद, कळलावी. माथ्यावर गुडघाभर तेरडा. खाली खाडी आणि मिठागरं, मागे डोंगरांच्या रांगा. सहा डबे पोळी-भाजी नेली असती तरी संपली असती!

वाटाड्या जयराम भला माणूस, फार बडबड्या. दगडांच्या एका ढिगाजवळचा तेरडा सुरुचीला आवडला, तो मी मुळासकट उपटला. जयराम दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, आज गौरी यायचा दिवस. उपटून घरी नेलेला तेरडा म्हणजे गौर, आणि इथली गौर कुणी नेत नाही. आमच्या सोलापुरात गौरी म्हणजे पितळी मुखवटे. मी त्याची यथेच्छ थट्टा केली. रोप कुंडीत लावलंय, छान दिसतंय.

३० ऑगस्ट, रविवार

सकाळी दारापासून कुंडीपर्यंत मातीची ओली पावलं. बायकी. स्वप्नाने पाऊल टेकवून पाहिलं, तिचं मोठं.

सुरुची कुंडीपुढे ताटली मांडून बसली होती. म्हणते, पाहुणी उद्या मला तिच्या घरी नेणार. स्वप्ना हसली. मी ताटली उचलून ठेवली.

दुपारी जयरामला गाठलं. तो म्हणाला, एक पोटुशी सून माहेरी निघाली होती, माथ्यावरच गेली. ढीग तिचा. गौर तिसऱ्या दिवशी ओटी भरून घेऊन परतते. "तांदूळ-नारलानं हिची ओटी भरायची नाय, साहेब. उद्या दिवस बुडायच्या आत वर नेऊन लावा. पोरीला घरातच ठेवा."

३१ ऑगस्ट, सकाळी

स्वप्नाने तरी ओटी भरली. वळून पाहतो तो नारळ दाराबाहेर. दार बंदच होतं.

सुरुची हाक मारली तरी बघत नाही. तिला स्वप्नाजवळ ठेवलं, आतून कडी लावून घ्यायला सांगितलं. रोप घेऊन निघतोय. देवा, माझी चूक, पोरीवर काढू नकोस.

दुपारी, अर्ध्या वाटेवर

जयराम यायला तयार नाही. रोप जड झालंय. मूल उचलल्यासारखं.

चार वाजता, माथा

लावलं. ढिगाजवळ, त्याच खड्ड्यात. माती दाबली. हात जोडले. रडलो. सुटलो बहुतेक.

मग चिखलात —

ढिगाकडे जाणारी पावलं. बायकी. शेजारी लहान. सुरुची घरी आहे. कडी लावून. स्वप्नाजवळ —

लहान पावलं मध्येच संपतात. पुढे फक्त बायकी. खोल रुतलेली. काहीतरी उचलून घेतल्या —

हसण्याचा आवाज. ढिगाआडून. सुरुचीचाच. मी हाका मारतोय, ओ देत नाही.

"आई, आई" म्हणतेय. पुन्हा पुन्हा. स्वप्ना इथे नाही. मग ही आई कुणाला —