चेहरा येईना

सातारा, फेब्रुवारी १९४६, मंगळवार, संध्याकाळ

आज चित्र झालं. पण करायला घेतलं होतं ते नव्हे.

माणमधल्या भागूबाईंचा मुलगा सखा ब्रह्मदेशात लढाईत गेला. त्याचा फोटो एकच, पलटणीचा, आणि त्यात चेहरा हरभऱ्याएवढा. त्यावरून मला त्याची तसबीर काढायची होती. तीन आठवडे झाले. पागोटं, पट्टा, गुंड्या सगळं झालं आणि चेहऱ्याची जागा कोरीच. बसायचो, काढायचो, पुसायचो, उठायचो. हातातलं कसबच गेलं की काय, असंही वाटून गेलं.

दुपारी बाई स्वतःच आल्या. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "बाई, चेहरा जमत नाही."

त्या चित्रावर वाकल्या. म्हणाल्या, "आवं मास्तर, ह्यो कोन सायेब हाय? माजा सखा मेंढरांमागं हिंडायचा. काठी मानंमागं आडवी, तिच्यावर दोनी हात टाकून उभा ऱ्हायाचा."

मी दुसरा कागद घेतला, कोळशाची कांडी उचलली. त्या बोलत गेल्या, मी काढत गेलो. चेहरा कधी आला ते कळलंच नाही. नाक मात्र चुकलं.

"नाक न्हाई तसं," त्या म्हणाल्या, "पर उभा तसाच हाय."

म्हटलं, नाक सुधारतो, चार दिवसांत रंगवून देतो. तोवर त्यांनी कागद गुंडाळलासुद्धा.

"आजच न्हेते. त्याच्या पोरीनं बाप बघितलाच न्हाई."

ते चुकलेलं नाक अजून डोळ्यांपुढून जात नाही. पण मी अडवलं नाही.