मधलं तापमान

नांदेड, २३ मे २००७

प्रिय दादा,

तू लिहून पाठवलेला माफीनामा मिळाला. सही केली की नोकरी वाचते, हे मलाही कळतं. पण आधी माझं ऐक.

लातूरला तुझ्या क्लासमध्ये मी पहिल्या बाकावर बसायचे. तू सांगायचास, उत्तर सुचत नसेल तर मधला पर्याय ठोका, वेळ घालवू नका. आमच्या कारखान्यातल्या रिॲक्टरलाही तीन उत्तरं आहेत बघ. आत रसायनं मिसळली की उष्णता निघते, भोवतीचं थंड पाणी ती ओढून नेतं. निघणारी आणि ओढली जाणारी उष्णता, दोन्हींचा मेळ तीन तापमानांना बसतो. खालच्याला माल होतच नाही, वरच्याला करपतो. मधल्याला लई झकास होतो, पण तिथं तो मेळ टिकत नाही. थोडं चढलं की चढतच जातं, उतरलं की पार विझतं. म्हणून पाण्याचा व्हॉल्व्ह सतत कमीजास्त करावा लागतो. ते करणारं यंत्र महिनाभर बंद आहे. साहेबांनी दगडोबामामांना, साठीला आलेल्या कामगाराला, हाताने व्हॉल्व्ह फिरवायला बसवलं. मी तीनदा लेखी तक्रार दिली. साहेब म्हणाले, "महिना झाला, काही झालं का?"

दादा, हे मी आधी ऐकलंय. त्र्याण्णवला आपल्या गावात कितीतरी महिने जमीन हादरत होती. आई आणि मी अंगणात झोपायचो. बाबा हसायचे, इतके महिने झाले, काही झालं का म्हणायचे, आणि घरातच झोपायचे. त्याच घराखाली गेले ते. तू तेव्हा लातूरला शिकत होतास.

मागच्या आठवड्यात मंगळवारी भर दुपारी लाइट गेली, पाण्याचा पंप थांबला. मामा ओरडले, "ताई, काटा पळून राहिलाय!" मी कुणाला न विचारता रसायनांची लाइन बंद केली, वरच्या टाकीचं पाणी सोडलं. माल सगळा नासला, माणसं धड आहेत. आता साहेबांना माफी हवी, आणि तिच्यात एक ओळ: दगडोबाला डुलकी लागली होती. तू ती ओळसुद्धा किती सुबक लिहिलीस रे! मला लाज वाटली तुझी.

तुझा कागद परत पाठवतेय. मागच्या कोऱ्या बाजूवर खरं काय घडलं ते लिहिलंय, खाली माझी सही आणि मामांचा अंगठा आहे. त्याचीच प्रत आज सकाळी कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत देऊन आले. नोकरी जाईल, जाऊ दे. सोमवारी लातूरला येतेय, तुझ्या फळ्यावर तिन्ही उत्तरं काढून पोरांना मीच शिकवणार आहे. तू मागच्या बाकावर बस.

तुझीच, न वाकणारी,
सुकन्या