पेन्शनपात्र

अण्णा, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी सरकारी, पेन्शनवाली मास्तरीण होते आहे. तुम्हाला ज्या वयात घरी बसवलं, नेमक्या त्याच वयात. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही. घरात माणसं आहेत, प्रेमाची आहेत, पण यातली भीती तुम्हाला जशी कळेल तशी त्यांना नाही कळणार.

तुम्ही गेलात तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. लग्न झालं, नवऱ्याला बर्लिनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, मुलगी कडेवर असताना मी इथे आले. काही वर्षं जर्मन शिकण्यात आणि मुलीला वाढवण्यात गेली. मग इथल्या शाळांना गणिताचे शिक्षक मिळेनासे झाले आणि माझ्यासारख्या आडवाटेने येणाऱ्यांनाही दार उघडलं. पुन्हा परीक्षा दिल्या, पुन्हा कुणाच्या तरी देखरेखीखाली पाठ घेतले. आता मी आठवी ते बारावीला गणित शिकवते. पोरं माझे उच्चार सुधारतात, मी त्यांची समीकरणं. बरं चाललं होतं.

मग हे पेन्शनीचं आलं. इथे म्हातारपणीच्या सरकारी पैशाला दोन शब्द आहेत. सगळ्या नोकरदारांना मिळते ती रेंटे. तिच्यासाठी दर महिन्याला पगारातून कापून घेतात. आणि ज्यांना सरकार शपथ देऊन आपलं म्हणतं त्यांना मिळते ती पेन्शन. बर्लिनने बरीच वर्षं शिक्षकांना शपथ देणं बंद ठेवलं होतं, आता पुन्हा सुरू केलं, कारण मास्तर शेजारच्या राज्यांत निघून जात होते. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवसापासून दुसरा विषय नाही. केमिस्ट्री शिकवणारे एक वयस्कर सहकारी आहेत, त्यांचं स्वतःचं वय अर्जाच्या मर्यादेपलीकडे गेलंय, पण नियम सगळे तोंडपाठ. कॉफीच्या मशीनपाशी ते मला समजावत होते.

"आल्झो, म्हणजे असं बघ, तुझी आत्तापर्यंतची रेंटे आहे तिथे थांबणार. बुडणार नाही, पण नोकरीने आणखी वाढणारही नाही. तिथून पुढे पेन्शन. आणि म्हातारपणी दोन्हींची बेरीज ठरलेल्या रेषेच्या वर गेली, तर वरचं पेन्शनमधून कापणार."

म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं, दोन पंगतींत जेवू देत नाहीत. मला त्या रेषेची काळजी नव्हती. मी विचारलं, "आणि मधेच शिकवता येईनासं झालं तर? आजारपणाने?"

"तर पेन्शनसारखं दुसरं काही नाही. रेंटेत अशा माणसाच्या हाती फार थोडं पडतं. पेन्शनवाल्याला सरकार एका पातळीखाली पडू देत नाही." मग माझ्याकडे बघून हसले. "पण तू कशाला विचारतेस? ठणठणीत आहेस की. सरकारी डॉक्टर तपासेल, दोन मिनिटांत पास होशील."

माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला आणि हात जाकिटाच्या खिशात घातले. अण्णा, हे मी अलीकडे फार करते.

तुमच्या बोटांकडे मी पहिल्यांदा कधी बघितलं ते आठवत नाही. वर्गात तुम्ही हाताने काढलेलं वर्तुळ कंपासने काढल्यासारखं यायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मग ते वर्तुळ बटाट्यासारखं यायला लागलं. पोरं हसली. मग खांदे आपोआप उडायला लागले, चालताना पाय कुठेतरी भलतीकडे पडायला लागला. तुम्ही दारू पिता अशी बोलवा झाली, तुम्ही, ज्यांनी कधी सुपारीही खाल्ली नाही. संस्थेच्या सेक्रेटरींनी ऑफिसात बोलावून तुम्हाला सगळ्यांसमोर तोंडाचा वास द्यायला लावला. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत आणि आईशी एवढंच बोललात, "फुंकर मारली मी. काय करणार?"

आणि मग जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलातलं मेडिकल बोर्ड. मी नववीत होते, मलाही बरोबर नेलं होतं, कारण बसमध्ये तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरावं लागायचं. बाकड्यावर तुम्ही मध्ये, मी एका बाजूला, आई एका बाजूला. तुम्ही दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले. आई वाकून हळूच म्हणाली, "अहो, आज हात सोडा. हलू देत. आज लपवायचं नाही." बोर्डाने अपात्र ठरवलं तरच रुग्णता पेन्शन मिळणार होती, नाहीतर राजीनामा आणि रिकामे हात. हे तुम्हाला तिच्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी हाक आल्यावर तुम्ही उठलात, शर्ट खाली ओढलात आणि त्या तीन डॉक्टरांपुढे सरळ चालायचा जिवापाड प्रयत्न केलात. दारातून मला दिसत होतं. एकेक पाऊल, वर्गात पहिल्या दिवशी जाणाऱ्या मास्तरासारखं. आई पदर तोंडाला लावून मान हलवत होती. तुम्ही त्यात नापास झालात, आणि आम्हाला पेन्शन मिळाली. तुमच्यामागे तिचा जो भाग आईला मिळू लागला, त्यावर माझं उरलेलं शिक्षण पुरं झालं. अजूनही दर नोव्हेंबरात ती हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते, नवी साडी नेसून.

आजाराचं नाव तुम्ही ऐकलंत तेव्हा त्याचा अर्थ आपल्याला कुणी सांगितला नाही. पुण्यात शिकायला होते तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत बसून तो मी वाचला. हंटिंग्टन. आई किंवा वडील, एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं. लग्नाआधी मी नवऱ्याला सांगितलं होतं. रक्ताची तपासणी आहे, पण मी ती कधी केली नाही. औषध नसलेल्या रोगाची तारीख कशाला विचारायची, असं मी स्वतःला समजावत आले.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रविवारी आईला फोन केला. तिला इथली पेन्शन कळली, तिचा आवाज उजळला. मग एकदम दबला.

"अगं, पण त्यांना अण्णांचं सांगू नकोस हं."

"विचारलं तर?"

"न्यूमोनिया म्हणायचं. दाखल्यावर तेच लिहिलंय. त्यात खोटं काय आहे?"

खोटं नव्हतंच. शेवटी शेवटी तुम्हाला घास गिळता येईना, छातीत गेला, आणि न्यूमोनियानेच तुम्ही गेलात. मी रात्रभर तो एक शब्द जर्मनमध्ये घोकला, तोंडी परीक्षेला घोकतात तसा.

सरकारी डॉक्टर पन्नाशीच्या पुढच्या बाई होत्या. शांत, चष्मा केसांत खोवलेला. रक्तदाब, डोळे, पाठ. मग खुर्चीत बसून घरच्यांची विचारपूस. आई? "आहे." वडील? "न्यूमोनिया." त्यांनी लिहिलं. "किती वर्षांचे होते?" "बावन्न." बाईंचं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं. रागाने नाही, संशयानेही नाही, फक्त बघितलं. "बावन्नाव्या वर्षी, न्यूमोनियाने? आधीचं काही?"

अण्णा, त्या क्षणी मला हो-नाही काहीही म्हणता आलं असतं. मला सेक्रेटरींचं ऑफिस दिसलं आणि त्यात तोंड उघडून उभे असलेले तुम्ही. मी आजाराचं नाव सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तपासणी केली आहे का, हे मी विचारणार नाही. मला तो अधिकार नाही, आणि तुम्हीही सांगू नका. पण मी तुम्हाला नीट तपासणार. चालेल?"

चालेल म्हणाले, पण आतून वाटत होतं, पर्स उचलावी आणि पळावं. कारण या बाईंना कळणार होतं. एवढी वर्षं जे मी कुणाला बघू दिलं नाही ते त्या शोधणार होत्या, आणि पेन्शन मिळो न मिळो, त्यांच्या चेहऱ्यावर मी ते वाचणार होते. त्यांनी बोट उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं, डोळ्यांनी त्याच्यामागे जायला सांगितलं. अंगठा आणि बोट भराभर टेकवायला लावलं. फरशीच्या रेषेवर टाचेला बोटं लावत चालायला लावलं. मग म्हणाल्या, "जीभ बाहेर काढा आणि तशीच ठेवा." मला ठाऊक होतं ते कशासाठी असतं. तुमची जीभ बाहेर राहत नसे, आत पळायची. मी जीभ काढून उभी राहिले, लहान मुलासारखी, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात उचलायचीही भीती वाटत होती. ती राहिली. बाईंनी बस म्हणेपर्यंत राहिली.

"आज मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. मी तो 'आज' ऐकला. त्यांनाही तो ऐकू आला असावा, कारण त्या थोड्या हळू बोलू लागल्या. "नाकारायचं असेल तर मला दाखवावं लागेल, की तुम्ही वेळेआधी निकामी होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त आहे. निम्मी म्हणजे जास्त नव्हे. गणित तुम्ही शिकवता."

मी शिकवते. लक्षणांवाचून सरलेलं प्रत्येक वर्ष निम्म्याला थोडं खाली ओढतं, हेही मला मांडता येतं. फक्त ते मांडून झोप येत नाही.

काही आठवड्यांनी शाळेत पत्र आलं, मी पात्र आहे. आधी परिविक्षेची काही वर्षं, प्रोबेत्साइट, आणि मग कायम. म्हणजे एवढी वर्षं माझ्या हातांनी शहाण्यासारखं वागायचं. फळ्यावर खडू सटकला की मी पोरांचे चेहरे बघते. कुणी हसत नाही. खडू सगळ्यांच्याच हातून सटकतो. तरी बघते.

पत्र आलं त्या संध्याकाळी नवऱ्याने शिरा केला. मुलगी आता युनिव्हर्सिटीत आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तिला मी अठरा पूर्ण झाल्यावर सगळं सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ताटलीवरून मान न उचलता म्हणाली, "उंड इश?" आणि मी?

"तुझं काय?"

तिला तपासणी करायची आहे. समुपदेशनाची पहिली वेळ तिने घेऊनही ठेवलीय, आम्हाला न विचारता. मी म्हटलं, "बाळा, तुझं हो आलं तर माझंही हो असणार." ती म्हणाली, "मला माहीत आहे, ममा. म्हणून तर विचारतेय. मी तपासणीला गेले तर तू सहन करशील ना?" ते शेवटचं मात्र ती मराठीत म्हणाली. अडखळत, एकेक शब्द शोधून.

जा म्हणाले मी. आणखी काय म्हणणार? तुम्ही बोर्डापुढे चालत गेलात तेव्हा तुम्हाला तरी कुणी थांबवलं? पण तेव्हापासून फोन वाजला की आधी नाव बघते, मगच उचलते. पेन्शन मला आजारात सांभाळील. तिला कोण सांभाळणार, आणि तिच्या तोंडून माझं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी मी वर्गात कशी उभी राहणार, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. केमिस्ट्रीच्या सरांनाही ते विचारता येत नाही.

हे कुठे पाठवणार, अण्णा? टेबलावरच राहील, तपासायच्या पेपरांखाली. मुलीला देवनागरी वाचता येत नाही आणि नवरा विचारणार नाही. एक तेवढं सांगून टाकते. डॉक्टरबाईंकडे मी सायकलने गेले होते. काही दिसत नाही म्हणाल्या, मी त्यांचे आभार मानले, खाली आले, कुलूप काढलं, आणि सायकलवर बसायची हिंमत झाली नाही. हॅंडल डगमगलं तर, या भीतीने सगळा रस्ता ती हातात धरून चालत आले. घरी सांगितलं, पंक्चर झाली.