चंदाच्या हातची लेस

५ फेब्रुवारी १९५८
उरणच्या एस.टी.त कुणाचीतरी कोंबडी माझ्या टोपीवर बसली, ती शेवटपर्यंत. स्वतंत्र भारतात नागरिकाच्या टोपीला काही हक्क आहेत की नाहीत? कंडक्टर म्हणाला, कोंबडी तक्रार करत नाही, तुम्हीच का करता.

रविवारी चंदाला बघायला मुरूडची मंडळी येणार. पत्रात मी सहज लिहिलंय, मुलगी हातानं लेस विणते. चंदाला बटण लावता येत नाही. ही म्हणाली, लिहिलंत तुम्ही, आता विणाही तुम्हीच. बायकांना प्लॅनिंग कळत नाही. अस्सल हातची लेस आणायची नि मांडायची, संपलं.

उरणला तीन दुकानं पाहिली. तिघांनीही हातची म्हणून शपथ घेतली. तिन्हीकडे एकच नक्षी, मशिनची. मला फसवणं सोपं नाही. एक वार घेतली, केवळ तुलनेसाठी.

७ फेब्रुवारी
तळोजा. इथल्या आबिदाबी क्रोशानं लेस विणतात. नवीन लेसला महिना लागेल म्हणाल्या. लेकीच्या लग्नासाठी विणलेला उशीचा अभ्रा तेवढा तयार होता, तो विकायचा नाही. मी चंदाचं सांगितलं. म्हणाल्या, लेकीचं काम हाय तर न्या, सोमवारी आणून द्या. पैसे घेतले नाहीत. माझ्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव.

९ फेब्रुवारी, दुपारी ४
अभ्रा मांडला. कडेच्या वेलीकडे मी मुद्दाम लक्ष वेधलं: चंदाला सुचली, आंब्याचा मोहर बघून. मुलाच्या वडिलांनी, नामदेवरावांनी, चष्मा लावला, उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं नि विचारलं, इथं उर्दूत सफिया लिहिलंय, हे मुलीचं घरचं नाव का?

पंचवीस वर्षं नवाबाच्या जंजिरा संस्थानात कारकुनी केली, हे पत्रात लिहायला यांना काय झालं होतं?

चंदा म्हणाली, मला विणता येत नाही, बाबांनी आणलंय. मुलाच्या आईनं खात्रीसाठी लेस ओढून पाहिली. धागा सुटला. कळवतो म्हणाले.

१० फेब्रुवारी
तळोजा. आबिदाबींनी विचारलं, जमलं का. आमच्याकडून होकार आहे, म्हटलं. त्यांनी सुटलेला भाग पाहिला नि विणायला बसल्या. सफिया आईच्या खांद्यावरून बघत होती. तिचं लग्न पंधरा दिवसांवर. दुरुस्तीत रीळ संपलं.

बाजारात जाऊन तसलंच पांढरं रीळ आणलं. आत दोघी बोलत होत्या. ओट्यावर ठेवून निघालो.