सातबाऱ्यावर माझं नाव

१८ एप्रिल २०२०, डोंबिवली
बँकेचा मेसेज. लॉकडाऊनमुळे शेतकऱ्यांना सरकारी मदत. लाभार्थी: मी! जन्म गेला कंपनीच्या स्टोअरमध्ये, पण थोरला म्हणून सातबाऱ्यावर नाव माझं एकट्याचं, एकत्र कुटुंबाचा कर्ता. शीळफाट्यापलीकडे ते शेत कसतो धाकटा महिपत. नोकरदाराला ही मदत नसते म्हणतात. मी रिटायर्ड. म्हणजे आता फुलटाइम शेतकरीच की. विनिता म्हणाली, पैसे भावजींना पाठवून द्या. पाठवणारच आहे. मी काय परका आहे?

२० एप्रिल
महिपतचा फोन. टेम्पो बंद, भेंडी झाडावरच जून झाली, गुरांना घातली. चाचरत विचारलं, दादूस, तुझ्या खात्यात काही आलंय का? म्हटलं, आलंय, स्वतः आणून देतो. सख्ख्या भावाला मोबाइलवर पैसे पाठवणं बरं दिसत नाही. थोरल्याने हातात द्यावेत, धाकट्याने पाया पडावं. रस्ते उघडले की पहिलं काम हेच.

९ मे
संकल्प: रोज पहाटे उठून शेतीचा अभ्यास. आज आठला उठलो. बाल्कनीसाठी कुंड्या, माती, खत मागवलं. शेतीचे पैसे शेतीलाच लागले. पेन्शनमधून भरून टाकणार, हे वेगळं सांगायला नको. विनिताने बिल उचलून माझ्या पासबुकात ठेवलं. तिच्या या असल्या सवयी मला आवडत नाहीत.

६ जून
रस्ते उघडले. पण गुडघा! महिपतचं बियाणं आणि ट्रॅक्टर पैशांवाचून अडलंय. फोनवर धीर दिला. भातलागवडीचा एक उत्तम व्हिडिओही पाठवला. त्याने बघितला आणि पुन्हा बियाण्याचंच विचारलं. आपल्या लोकांची शिकायची तयारीच नाही.

२२ ऑगस्ट
गणपतीला गावी जायचं अगदी नक्की होतं. पण साठी उलटलेल्यांनी जपायला हवं. व्हिडिओ कॉलवर दर्शन. मागे शेत दिसलं, हिरवंगार! म्हटलं, शाब्बास रे. त्याने फोन पटकन बाप्पाकडे वळवला. भाऊ कामाला वाघ आहे. दरम्यान आणखी एक हप्ता आलाय. सगळे एकदम दिवाळीत देईन, म्हणजे हातात काहीतरी दिल्यासारखं वाटेल.

२० नोव्हेंबर
दिवाळी गडबडीत गेली. आज महिपतची मालन दारात, रिक्षाने आलेली, काखेत तांदळाचं गाठोडं. वानोळा! आमच्याकडे नवं भात निघालं की पहिला तांदूळ थोरल्याच्या घरी येतो. चहासुद्धा न घेता गेली. विनिता तिला खालपर्यंत सोडून आली. पैसे द्यायचे राहिले. भावजयीच्या हातात कसे द्यायचे? असो. पिकलं ना! मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

२१ नोव्हेंबर, दुपार
भात जाड लागला. म्हटलं, महिपतने वाण बदललेलं दिसतं. विनिता म्हणाली, वाण कसलं, रेशनचा आहे. कोरोनात फुकट देतात तो. काल जिन्यात मालनने तिला सगळं सांगितलं, मला न सांगण्याच्या अटीवर. बियाण्याला पैसा नव्हता. शेत पडीक राहिलं, नुसतं गवत. पण आजोबांपासूनचा वानोळा आपल्या हातून चुकायला नको, म्हणून महिपतने स्वतःच्या घरातला तांदूळ रात्री बसून निवडला, पाखडला आणि पाठवला.

ताट बाजूला सारलं. लाज वाटली, फार वाटली. हात न धुताच फोन लावला. माफी मागायची, पैसे आत्ताच्या आत्ता पाठवतो म्हणायचं, ठरवून लावला. त्यानेच आधी विचारलं, दादूस, भात गोड लागला ना?

म्हटलं, हो रे. अगदी आपल्या शेतातला.

 तो म्हणाला, पोटभर जेव.

पैशांचं बोलायचं राहिलंच.