घशाशी आलेलं

३ मार्च, बुधवार

पोचले एकदाची! खडक दिसायच्या आधी त्याचा वासच आला. बोटवाला म्हणाला, बाई, आठ दिवसांत नाक मरतं, मग काही वाटत नाही. मैलभर लांब खडक, झाड औषधालाही नाही, आणि सगळा पांढराफटक, कुणी चुन्याच्या बादल्या उपड्या केल्यासारखा. तो चुना म्हणजे हजारो पक्ष्यांची शीट. मला हसूच आलं. एवढं शिकले ते शेवटी हे निस्तरायला!

केंद्र म्हणजे तीन खोल्या, स्वयंपाकघर, कोठी आणि प्रयोगशाळा. प्रयोगशाळा मात्र दृष्ट लागावी अशी. केंद्राच्या प्रमुख मॅडम अकरा वर्षं इथंच आहेत. साठीच्या, काटक, एकट्या. धक्क्यावर माझी बॅग त्यांनीच उचलली, मला हातही लावू दिला नाही. सहा महिने काढले की शहरात कायमची नोकरी. तोवर माझी लेक ठमी ताईकडे. निघताना रडली नाही कार्टी. मीच रडले.

५ मार्च

काम आवडलं. सकाळी कड्यावर जायचं, पक्ष्याला काखेत घट्ट धरायचं, एक कापसाची काडी मागून फिरवायची, एक घशातून. काडी नळीत, नळीवर नंबर. मग प्लेटवर रेघा ओढून इनक्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी आतड्यातलं अख्खं गाव प्लेटवर वसलेलं.

मॅडमनी आज भरवणं दाखवलं. आई चोच उघडते, पिल्लू मानेपर्यंत डोकं तिच्या घशात घालतं आणि ती पोटातलं वर काढते. बापही भरवतो. मॅडम म्हणाल्या, नुसता मासा जात नाही, जिवाणूही जातात. पिल्लू अंड्यातून कोरं पोट घेऊन येतं, आत वस्ती करून देतात ते आईबाप. त्यातला एक जिवाणू मॅडमचा लाडका. प्लेटवर गोल, दुधाळ, चकाकणारे ठिपके. त्या त्यांना मोती म्हणतात. ज्याच्या पोटात मोती, ते पिल्लू मोठं झालं की जगाच्या पाठीवरून याच खडकावर परत येतं आणि इथंच मरतं. ज्याच्यात नाहीत ते भरकटतं. घराची ओढ पोटातून असते, म्हणाल्या.

१० मार्च, बुधवार

बोट आली. ताईला पत्र दिलं, शाळेला सुट्टी लागली की ठमीला घेऊन आठवडाभर ये म्हणून. इथल्या आचारीकाकांचं रडगाणं चालूच. मॅडम जेवतच नाहीत म्हणे, ताट घेऊन खोलीत जातात आणि ताट जसंच्या तसं परत येतं. माझ्या हाताला चव आहे हे या खडकावर फक्त उंदरांना ठाऊक, असं म्हणून स्वतःच हसले.

१२ मार्च

आज फजिती. मी पक्ष्याला धरून काकांशी काहीतरी बोलत होते आणि त्याने भसकन ओकलं, थेट माझ्या उघड्या तोंडात. कोमट, तेलकट, खारट. अर्धं गिळलं गेलंच. काका पोट धरून हसले. मॅडम हसल्या नाहीत. पदराने माझं तोंड पुसलं, अगदी लेकीचं पुसावं तसं, आणि हळूच विचारलं, पोटात गेलं का?

गेलं म्हटल्यावर त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. मला भास झाला असेल.

१७ मार्च, बुधवार

चार दिवस ताप. आज उतरला. ताईचं पत्र आलं, सात एप्रिलच्या बोटीने येतायत दोघी. खाली ठमीने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय, आई मी येते. पत्र दहादा वाचलं.

२० मार्च

भाताला कागदाची चव येते. भाजीला, चहाला, सगळ्याला. काकांनी साफ करायला ठेवलेला कच्चा मासा तेवढा मी उभ्या उभ्या खाल्ला, काट्यांसकट. नंतर हात धुताना लाज वाटली. पण पोट शांत झालं.

वास येईनासा झालाय. म्हणजे येतो, पण चांगला.

२४ मार्च, बुधवार

काका नोकरी सोडून गेले. दोघी जेवत नाहीत, मग मी चूल कुणासाठी फुंकू, म्हणाले. बॅग बोटीत टाकून परत आले आणि मला बाजूला घेतलं. तुमच्या आधी जी मदतनीस होती, तिलाही असंच झालं होतं म्हणाले. आधी ताप, मग कच्चा मासा. रजेवर घरी गेली ती महिन्याभराने नवऱ्याला आणि सासऱ्यांना घेऊन परत आली. खडक बघायला आलोत म्हणे. तिघं मागच्या बाजूला चालत गेले. त्यांना परत नेणारी बोट मी काही पाहिली नाही, बाई. तुम्ही आत्ताच चला.

मी हसले. हातातली कामं टाकून कशी जाणार?

बोट लांब गेल्यावर लक्षात आलं, हातात काहीच काम नव्हतं.

२६ मार्च

मागच्या बाजूला गेले होते. भर दुपारी, लख्ख उन्हात.

तिघं कपारीत बसलेत, पाठ खडकाला टेकून, तोंडं समुद्राकडे. ओळीने. आतापर्यंत बरंच संपलंय. पक्षी त्यांच्या मांडीवरून वर चढतात, खातात, आणि बाजूच्या घरट्यात जाऊन भरवतात. तिथली पिल्लं साऱ्या खडकावर सगळ्यात गुटगुटीत.

मला भीती वाटली, हे आधी. मग हेवा वाटला. हे मी लिहून ठेवते, कारण उद्या कदाचित नुसता हेवाच उरेल.

२७ मार्च

माझ्या घशातली काडी. माझी प्लेट. नुसते मोती, दुसरं काही उगवलेलंच नाही.

कपाटातल्या सगळ्या अँटिबायोटिकच्या टिकल्या प्लेटवर ठेवून पाहिल्या, बाराच्या बारा. टिकलीभोवती जिवाणू मेले की मोकळं कडं पडतं. एकाही टिकलीभोवती कडं नाही. मोती टिकल्यांवर चढून बसलेत.

२८ मार्च

मॅडमना प्लेट दाखवली. त्यांनी नाकारलं नाही. माझा हात हातात घेऊन रडल्या. अकरा वर्षं हे पोटात घेऊन बसलेय म्हणाल्या, आणि द्यायला आपलं कुणी नाही. ज्याला भरवायला आपलं कुणी नाही त्याला मोती कपारीतही जाऊ देत नाहीत, नुसतं जगवतात. आधीच्या मदतनीस मुलीला त्यांनीच दिलं होतं, स्वतःच्या हाताने. मला द्यायची वेळच आली नाही, पक्ष्यानेच दिलं. तू नशीबवान, म्हणाल्या. तुला ठमी आहे.

ठमीचं नाव मी त्यांना कधी सांगितलं?

पत्र टेबलावर उघडंच होतं. हो. तिथूनच.

३१ मार्च, बुधवार

ताईला चिठ्ठी लिहिली. येऊ नका, इथं साथ आहे, मी मेले असं समज पण ठमीला आणू नकोस. बोटवाल्याच्या हातात स्वतः दिली. त्याच बोटीने दवाखान्यात जावं असं वाटलं, पण उतरले की पाय आधी घरीच नेतील मला. ते मला विचारणार नाहीत.

दुपारी वहीच्या खालच्या पानावर पेनचे दाब दिसले. पेन्सिल फिरवून वाचलं. अक्षर माझंच.

ताई, बुधवारची वाट बघते. डबा आणू नकोस. ठमीला मी भरवीन.

१ एप्रिल

वायरलेसवर किनाऱ्याचं ऑफिस लागलं. दहादा घोकून ठेवलं होतं, बोट पाठवू नका, बोट पाठवू नका. बटण दाबलं आणि म्हणाले, बोट वेळेवर सोडा हं, लेक यायचीय माझी. पलीकडचा माणूस आनंदाने हसला.

रोजनिशी कुणी वाचत नाही. म्हणूनच बहुधा मोती इथं खरं लिहू देतात.

३ एप्रिल

कड्याच्या टोकापर्यंत गेले. पाय वळले. तीनदा.

गोळ्या गिळल्या, सगळ्या वर आल्या. मासे मात्र राहतात. आज अकरा. पोट तट्ट भरलंय, तरी धरते आहे. कुणासाठी ते—

५ एप्रिल

मॅडमना सांगितलं, मला कोठीत कोंडा, बोट परत जाईपर्यंत उघडू नका. लगेच हो म्हणाल्या. कुलूप लावलं. किल्ली त्यांच्याकडे.

काय केलं मी हे. किल्ली त्यांच्याकडे—

६ एप्रिल

घसा सुजलाय. आत ऊब. सारखं वर येतं, गिळते. वर येतं, गिळते. देवा, लेकरू सहा वर्षांचं आहे.

तिला विसरायचा प्रयत्न करते. तिचं नाव आठवलं की जास्त येतं—

७ एप्रिल

भोंगा वाजला. आली बोट.

लिहीत राहायचं. लिहीत असले की दात घट्ट आवळता येतात. लिही. लिही.

ताईचा आवाज. मॅडम म्हणतायत, प्रवासाने दमलात, तुम्ही बसा, मी हिला आईकडे नेते. ताई, नको ना गं सोडूस तिचा हात—

पावलं. छोटी. पळत.

कुलूप निघालं.

दार उघडू नका असं ओरडायचं तर तोंड उघडावं लागेल. उघडणार नाही. नाही उघड—

दारात उभी आहे. दोन वेण्या. उंच झाली. बोटीत काहीच खाल्लं नाही म्हणते. आई, भूक लागली. मांडीवर चढली. काय लिहितेस गं, विचारते. मी मान हलवते, बघ, नुसती मान, दात मिट—

माझ्या हनुवटीला हात लावला तिने. आई, बोल की—

आ कर, राणी, आ क